खाली माझीही सही आहे

मखमलाबाद, नाशिक
१२ जुलै १९९८

बारकू खतेले यांस,

निवृत्ती खोडेचा रामराम. नाव वाचून पत्र फाडू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

परवा देवळाली कॅम्पच्या बाजारात कुंदन भेटला. आपल्या युनिटच्या मेसमधला कुक. आता तिथेच भज्यांची गाडी लावतो. त्याच्याकडून कळलं की तू सतरा वर्षं पुरी करून पेन्शनवर घरी आलास आणि घोटीच्या पुढे गावी भातशेती बघतोस. ऐकून बरं वाटलं.

मी मखमलाबादलाच आहे. थोरला भाऊ चिमाजी याच्या मळ्यात विहिरीवर मोटारीची खोली आहे, तिथे राहतो. मळ्यात झेंडू आणि शेवंती. मी दिवसभर हार ओवतो आणि सकाळी चिमाजी ते फुलबाजारात नेतो. उजवा पाय गुडघ्याच्या वरून नाही, हे तुला सांगायला नको. पुण्याहून मिळालेल्या नकली पायावर चालतो. तो आता जुना झाला आहे.

कामाचं लिहितो. इथल्या सैनिक कार्यालयात एक रिटायर सुभेदार बसतात. सज्जन माणूस आहे. माझे कागद वाचून म्हणाले, "नाव निवृत्ती, आणि निवृत्तीवेतन तेवढं नाही." सगळे हसले. मीही हसलो.

त्यांनी समजावलं ते असं. माझी नोकरी नऊ वर्षं आठ महिन्यांची झाली, दहा पुरी नाहीत, म्हणून साधं पेन्शन नाही. अपंगत्वाचं पेन्शन मिळतं, पण जखम ड्यूटीवर झालेली पाहिजे. माझ्या चौकशीच्या कागदावर लिहिलं आहे की स्टोअरमन निवृत्ती खोडे याने दारू पिऊन, परवानगी नसताना ट्रक बाहेर काढला आणि कालव्याच्या वळणावर उलटवला. एवढं वाचल्यावर पुढचा कागद कोणी उघडतच नाही. सुभेदार म्हणतात, उशीर झाला तरी अपील करता येईल, पण त्या वेळी हजर असलेल्या दुसऱ्या माणसाने शपथेवर खरं सांगितलं तरच.

दुसरा माणूस तू. स्टेअरिंगवर कोण होतं ते तुला माहीत आहे.

नाशिकच्या कोर्टात येऊन एक प्रतिज्ञापत्र करायचं आहे. अर्ध्या दिवसाचं काम. येण्याजाण्याचं भाडं मी देईन. माझ्या मनात काही नाही.

निवृत्ती


मखमलाबाद
३ नोव्हेंबर १९९८

बारकू,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून दुसरं रजिस्टरने पाठवलं होतं. त्याची पोचपावती परत आली. त्यावर पुतळाबाई खतेले अशी सही आहे. म्हणजे पत्र घरात पोचलं. तुझ्या बायकोने घेतलं, तुझ्या हातात दिलं, तू वाचलंस आणि गप्प बसलास. ठीक आहे.

मग आता स्पष्ट लिहितो. १९९० सालच्या ऑक्टोबरात राजस्थानात तू चौकशीसमोर सांगितलंस की मी तंबूत झोपलो होतो, गाडी खोडेने नेली, आवाज आला म्हणून मी धावत गेलो. तंबू कालव्यापासून चार मैलांवर होता. चार मैलांवरून तुला आवाज आला. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि तू सही केलीस. त्या सहीवर तुझी पुढची आठ वर्षं नोकरी झाली, नाईक झालास, आता पेन्शन घेतोस. मला एकदाच काय ते पैसे हातावर ठेवले आणि घरी पाठवलं. माझं लग्न ठरलं होतं. पेढे तूच वाटले होतेस सगळ्या बराकीत. ते लग्नही मोडलं. मुलीकडच्यांनी निदान तोंडावर येऊन सांगितलं, त्यांचं मला काही वाटत नाही.

आठ वर्षांत किती वेळा सुट्टीवर आलास? दर खेपेला नाशिक रोडला गाडी थांबते. तिथून आमचा मळा रिक्षाने पाऊण तास. एकदा उतरायचं होतं रे. पाच मिनिटं बसायचं होतं.

नकली पायाचा पट्टा तुटला. चांभाराकडून दोनदा शिवून घेतला. आता तो म्हणतो, चामड्यात जीव राहिलेला नाही. भाऊ-वहिनी बोलून दाखवत नाहीत. पण वहिनी हल्ली ओवलेले हार मोजून ठेवते. आधी मोजत नव्हती.

मी घोटीला तुझ्या दारात येणार नाही. तेवढं माझ्याने होणार नाही. उत्तर पाठव.

निवृत्ती


मखमलाबाद
१७ जानेवारी १९९९

बारकू,

तुझं उत्तर येणार नाही असं धरूनच हे लिहितो आहे, त्यामुळे लिहिणं सोपं जातंय.

पहिल्या पत्रात मी 'परवा कुंदन भेटला' असं लिहिलं, ते खोटं होतं. कुंदन जूनच्या सुरुवातीला भेटला. त्याच आठवड्यात मी घोटीला येऊन गेलो. बाजाराचा दिवस होता. म्हटलं, बाजाराला तू येशीलच. एसटीतून उतरून बियाण्याच्या दुकानांच्या ओळीत जाऊन बसलो आणि दोन तासांनी तू दिसलास. भाताचं बी घेत होतास. मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मारून बघत होतास. अंगाने भरला आहेस. तुझ्याबरोबर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, दोन वेण्यांची, तुझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी. दुकानदार काहीतरी म्हणाला आणि तू मोठ्याने हसलास.

मी उठलो आणि पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन उभा राहिलो. लपलोच म्हण ना. रस्ताभर घोकत आलो होतो काय बोलायचं ते. पण तू हसलास आणि वाटलं, या माणसाचा दिवस बरा चालला आहे, आणि मी मागायला आलो आहे. तुम्ही दोघं दिसेनासे झालात तोवर मी तिथेच होतो. नंतर पाय इतका ठणकला की स्टँडवर यायला अर्धा तास लागला.

ती मुलगी कोण ते मी ओळखलं. वय बरोबर जुळतं.

इथली बातमी म्हणजे चिमाजी मळा विकतो आहे. चारी बाजूंनी बंगले उठलेत, विहिरीचं पाणीही कमी झालं. प्लॉट पाडणारा माणूस येऊन मोजून गेला. चिमाजी म्हणाला, "तुझं काहीतरी बघू." मी म्हटलं, "बघ." त्यालाही दोष देता येत नाही. त्याच्या मुलीचं, शुभांगीचं लग्न काढलंय. मळा गेला की ही खोली जाणार. मला कुठे ठेवायचं हे त्याला कळत नाही, आणि मलाही कळत नाही.

पायाला तेल लावतो, रेडिओ ऐकतो. बोलायला कोणी लागत नाही अशी सवय झाली होती. तुला पत्रं लिहायला लागल्यापासून ती सवय मोडली आहे.

निवृत्ती


मखमलाबाद
२० ऑगस्ट १९९९

बारकू,

कारगिलमुळे यंदा नाशिकमध्ये चौकाचौकात जवानांसाठी पेट्या ठेवल्या होत्या. शाळेच्या मुलांनी राख्या पाठवल्या. पंधरा ऑगस्टला इथल्या तरुण मंडळाने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. मला न्यायला दोघं मोटारसायकल घेऊन आले. स्टेजवर बसवलं. शाल दिली, नारळ दिला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने माईकवर विचारलं, "काका, आपण कोणत्या आघाडीवर जखमी झालात?"

समोर तीनेकशे माणसं होती. चिमाजी होता, वहिनी होती.

मी म्हणालो, "बॉर्डरवर."

टाळ्या वाजल्या. बारकू, इतक्या टाळ्या माझ्यासाठी आयुष्यात वाजल्या नव्हत्या. मी खाली मान घालून बसलो. लोकांना वाटलं, विनय आहे. ती शाल घरी आणली आणि पोत्याखाली घालून टाकली. तेव्हापासून हार ओवताना बोटं चालत नाहीत.

त्यामुळे आता जे घडलं ते नीट लिहून काढतो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. सुभेदारांनाही नाही.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला तार आली, पुतळा गंभीर, ताबडतोब निघ. बाळंतपण अडलं होतं. साहेबांनी सुट्टी तिथल्या तिथे दिली, पण ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी डाक घेऊन जाणार होता, त्यातून जा म्हणाले. रेल्वे संध्याकाळी पाचला होती, ती चुकली असती तर तुझे दोन दिवस गेले असते. तू स्टोअरच्या दारात उकिडवा बसला होतास. गाडी काढ असं म्हणणारा मी. तू म्हणालास, "परवानगी नाय." मी म्हणालो, "तू चालव, मी परत आणून लावतो, कोणाला कळत नाही." तुझे हात इतके कापत होते की चावी लागत नव्हती. रम माझ्या वाट्याची होती. दोन घोट तुला मी पाजले. बाटली माझ्याच खिशात ठेवली.

कालव्याच्या वळणावर चाक वाळूत गेलं. पुढचं तुला माहीत आहे. बाटली माझ्या अंगावर फुटली, म्हणून वास माझ्या कपड्यांना आला. तू मला ओढून काढलंस. तंबूतल्या इस्पितळात तू टोपी हातात घेऊन उभा होतास आणि रडत होतास. मी म्हणालो, "माझं नाव सांग. मी एकटा माणूस आहे, महिनाभर कोठडी मिळेल. तू जा, पुढची रेल्वे पकड."

आता मी सगळ्यात जास्त काय लपवलं ते. चौकशी तीन आठवड्यांनी झाली. तोवर पाय कापलेला होता. मला स्ट्रेचरवर नेलं. साहेबांनी दोनदा विचारलं, "खोडे, गाडी तूच चालवत होतास?" तू सुट्टीवरून परत येऊन दाराजवळ उभा होतास. मुलगी झाली, बायको वाचली, हे मला कळलं होतं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. त्याच कागदांत तुझ्या जबाबाबरोबर माझाही जबाब आहे, आणि खाली माझीही सही आहे.

तू खोटं बोललास असं मी वर्षभर लिहितो आहे. खोटं आपण दोघांनी सांगितलं, आणि सुरुवात मी केली.

एवढंच. या पत्रात काही मागत नाही.

निवृत्ती


मखमलाबाद
१९ सप्टेंबर १९९९

बारकू,

तुझ्या हातात पडणारं हे माझं पहिलं पत्र आहे. आधीची तू पाहिलेली नाहीस. ती पुतळाबाई वहिनींकडे आहेत, मागून घे आणि ओळीने वाच. वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी सांगितलं म्हणूनच मी हे सगळं लिहितो आहे, त्या आल्या होत्या तेही.

मागच्या आठवड्यात, डोळे दाखवायला नाशिकला जाते, असं त्या तुला म्हणाल्या. त्या इथे आल्या. गणपतीची फुलं काढणं चालू होतं. माझी भावजय नवसाबाई हिने हाक मारली, "भाऊजी, कोणी बाई आल्यात."

दारात उभ्या राहिल्या, आत येईनात. म्हणाल्या, "मी पुतळाबाई. खतेल्यांची."

मी विचारलं, "बारकू कसा आहे?"

"त्यांला नाय ठावं मी आली ते." पिशवीतून पत्रं काढून माझ्यासमोर ठेवली. "ही माझ्यापाशीच हायेत. त्यांनी एकबी पाह्यलं नाय."

"का हो?"

"का म्हंजी? त्या पेन्शनीवर आमची चूल पेटती. तीन पोरी हायेत. पयलं पत्र वाचलं अन् म्हटलं, हा दारुडा आता आमच्या ताटातलं ओढाया निघाला. लपवून ठिवलं. मग दुसरंबी लपवाया लागलं."

दारुडा हा शब्द त्यांनी न अडखळता उच्चारला.

"नऊ वर्सं मला येवढंच ठावं, का तुम्ही दारू पिऊन गाडी पाडली, अन् ह्यांनी तुम्हाला वाचवलं. ह्यांनीच सांगितलं मला. हे शेवटचं पत्र वाचलं तव्हा कळलं, गाडी माझ्यापायी निघाली व्हती." मग म्हणाल्या, "मलाच ठावं नव्हतं, भाऊ. मी जगली कशी, तेच मला ठावं नव्हतं."

नवसाबाईने चहा आणून ठेवला. तो निवला तरी कोणी घेतला नाही. पुतळाबाई वहिनींची नजर माझ्या पायावर होती. "दुखतो का?" त्यांनी विचारलं.

"जो नाही तो दुखतो," मी म्हणालो. "अंगठा दुखतो कधी कधी."

मग त्या खाली बसल्या. परडीतली दुसरी सुई घेऊन ओवायला लागल्या. पहिल्यांदा फुलं वाकडी आली, मी धरून दाखवलं. अर्धा तास आम्ही नुसते ओवत होतो. या खोलीत माझ्यासमोर बसून इतका वेळ कोणी काम केलं नव्हतं.

उठताना त्यांनी विचारलं, "एक खरं सांगा. त्यांची पेन्शन गेली तर तुम्हाला चालंल?"

"नाही चालणार," मी म्हणालो. "पण माझी ही नऊ वर्षं गेली तशी आणखी काढणं माझ्याने होत नाही."

त्यांनी पत्रं परत पिशवीत घातली. "मग त्यांलाच इचारा. सगळं लिहा. मी माझ्या हातानं देती."

म्हणून विचारतो. सुभेदारांना मी नाव न घेता विचारून पाहिलं की खोटी साक्ष दिली असं कबूल केल्यावर त्या माणसाचं काय होतं. ते म्हणाले, "काही होणार नाही असं मी लिहून देणार नाही. ताकीद मिळेल, किंवा पेन्शनला हात लागेल. वरच्यांच्या मनावर आहे." हे तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या खोट्या जबाबाचाही जाब विचारतील, तो मी देईन.

त्या दिवशी मी 'माझं नाव सांग' म्हणालो होतो. या वेळी तसं म्हणणार नाही. दिवाळीनंतर मळ्याची सरकारी मोजणी आहे आणि मला जायला जागा नाही. मला तुझी सही पाहिजे. तुझं नुकसान होऊ शकतं हे माहीत असून मागतो आहे.

भात कापून झालं की ये.

निवृत्ती


नाशिक रोड
६ मार्च २०००

बारकू,

पत्ता बदलला आहे. मळ्यातली खोली पाडली. एकलहऱ्याच्या रस्त्याला धोंडाबाई नावाच्या म्हातारीच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो. खिडकीतून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. पत्र्यावर राखेचा थर बसतो, वाळत घातलेलं कापड करडं होतं. फुलांचं काम सुटलं. इथे एका शिंप्याची काजं-बटणं करून देतो. भाडं चिमाजी देतो. तो दर महिन्याला येतो आणि बसत नाही.

तू डिसेंबरात येऊन सही करून गेलास त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतो आणि कागद बाजूला ठेवतो, कारण मला तुझा राग आला होता. आता गेला आहे.

तू येणार म्हणून मी कोर्टाच्या दारात सकाळी आठपासून उभा होतो. मला वाटलं होतं, नऊ वर्षांनी भेटतोय, मिठी मारशील किंवा दोन शिव्या तरी देशील. तू म्हणालास, "कुठं सही करायची?" वकिलाने वाचून दाखवलं, तू मान हलवत गेलास, सही केलीस. मग चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "एकदा तरी यायचं होतंस रे," आणि तू पेला खाली ठेवलास. तुझा शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे.

"कोणत्या तोंडानं यू?" तू म्हणालास. "तू म्हणला माझं नाव सांग, अन् मी सांगितलं. नाय म्हणाया तू जागाच ठिवली नाय. चौकशीत मी ठरवून आलो व्हतो, खरं सांगायचं. माझ्या आधी तुझाच जबाब घेतला. तू हो म्हणला. मग मी काय सांगू? तुला खोटा पाडू? तवापासून आरशात बघून दाढी केली नाय मी."

चौकशीत आधी माझा जबाब झाला होता, हे मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, की विसरणं सोयीचं होतं, ते मला सांगता येत नाही. तीन महिने मी मनात तुझ्याशी भांडत होतो की याला मी वाचवलं आणि हा मलाच बोलतो. पण इथे संध्याकाळी पायरीवर बसलं की दुसरं काही नसतं, त्यामुळे तोच तो विचार करावा लागतो. मी तुझ्यासाठी हो म्हणालो, हे खरं आहे. पण त्याचबरोबर मला वाटलं होतं की आता हा माणूस जन्मभर माझा. सुट्टीला येईल, बसेल, माझं बघेल. तू दाराशी उभा होतास आणि मी स्ट्रेचरवरून तुझ्याकडे बघत होतो ते यासाठी. माणूस असा बांधून घेता येत नाही हे तेव्हा कळलं नाही.

बसमध्ये चढल्यावर तू खिडकीशी बसलास आणि समोर बघत राहिलास. मी बस सुटेपर्यंत उभा होतो.

तुला लष्कराकडून काही पत्र आलं का? पेन्शनला काही झालं का? तेवढं कळव. मला सारखी त्याचीच धास्ती असते.

निवृत्ती


नाशिक रोड
२४ ऑक्टोबर २००२

बारकू,

हुकूम आला. अपंगत्व सेवेत असताना आलं असं मान्य झालं. सुट्टीवर जाणाऱ्या जवानाला स्टेशनवर सोडायला निघालेला माणूस, असं लिहिलं आहे. परवानगी नव्हती म्हणून ताशेरेही आहेत आणि खोट्या जबाबाबद्दल मला चार ओळी सुनावल्या आहेत. वाचून बरं वाटलं. बारा वर्षांनी माझ्याबद्दल कागदावर खरं लिहिलं गेलं, त्यात चांगलं-वाईट दोन्ही आलं. पेन्शन अपील केल्या तारखेपासून धरलं आहे, मागचं सगळं नाही. खोलीचं भाडं आणि जेवणखाण भागतं. चिमाजीला सांगितलं, आता तू देऊ नकोस. तो कधी नव्हे तो खाली बसला. चहा घेतला. म्हणाला, "तुझी वहिनी आठवण काढती."

पुण्याला जाऊन नवा पाय बसवून घेतला. हलका आहे. जिना चढता येतो.

तुला फक्त ताकीद आली आणि पेन्शन चालू राहिलं, हे पुतळाबाई वहिनींच्या कार्डावरून दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. ते कार्ड आलं त्या दिवशी मी देवळालीपर्यंत चालत गेलो, काही काम नसताना. वहिनींना माझा नमस्कार सांग.

सुभेदारांना पेढे द्यायला गेलो होतो. त्यांच्या जागी दुसरे साहेब आले आहेत. त्यांनी नाव विचारलं, पेढा घेतला आणि माझी फाईल बंद करून कपाटात ठेवली.

घरी येऊन रोजच्यासारखा पायरीवर बसलो. धोंडाबाईला ऐकू कमी येतं, तिला तीनदा सांगितलं, पेन्शन झालं. ती म्हणाली, "कोणाचं लगीन झालं?" मी म्हटलं, "झालं एकाचं." मग आत आलो, दिवा लावला, आणि सवयीने हा कागद काढला. काढल्यावर लक्षात आलं की आता तुला लिहायला काही कारण उरलेलं नाही. चार वर्षं मी मागण्यासाठी लिहीत होतो. सही मागत होतो, उत्तर मागत होतो, रागवायचो तेही मागण्यासाठीच. मागण्यासारखं सगळं मिळालं. तरी बसलो आहे.

तुझ्या हाताने लिहिलेलं एक अक्षरही माझ्याकडे नाही, प्रतिज्ञापत्रावरच्या सहीखेरीज, आणि तेही आता सरकारजमा झालं.

मी तुला चांगला ओळखतो. हे वाचून तू म्हणशील, काय लिहायचं, माझ्याकडं काय बातमी हाय. खरंच काही नको. झालं गेलं त्याबद्दल तर एक शब्दही नको, ते आपण दोघांनी शपथेवर सांगून झालं आहे. यंदा तिकडे पाऊस बरा होता असं पेपरात होतं. कापणीला लागला असशील. ती झाली की एक कार्ड टाक. भात किती झालं एवढं लिहिलंस तरी मला पुरे आहे.

निवृत्ती